बाहेरच्या खोलीतलं युद्धविरोधी आंदोलन

युद्ध नको, हे माझं पक्कं मत आहे. युद्ध नको म्हणून दगडफेक करणारेही मला पटत नाहीत, हेही तितकंच पक्कं. ही दोन्ही मतं मी बरीच वर्षं सांभाळली होती. गेल्या उन्हाळ्यात सीमेवर तणाव असताना त्यातल्या एकाला आमच्याच बाहेरच्या खोलीत तडा गेला. टीव्हीसकट.

माझा भाचा सैन्यात आहे. त्याचा फोन येईना, तेव्हा ताई आणि भावोजी तलासरीकडच्या त्यांच्या पाड्यावरून डहाणूला आमच्याकडे राहायला आले. तिकडे रेंजसाठी टेकडी चढावी लागते, आमच्याकडे खिडकीपाशी ती हमखास मिळते. ताईने आपला फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. भावोजींनी टीव्हीचा रिमोट घेतला.

मी टीव्हीचा आवाज बारावर ठेवतो. भावोजींनी तो चाळीसवर नेला. एरवी हा माणूस शेतावरच्या बैलालाही हळू आवाजात हाक मारतो. पण त्या दिवसांत ते सेनापती झाले होते. टीपॉयवरची मिठाची बरणी म्हणजे आपलं सैन्य आणि माझा चष्मा म्हणजे शत्रू.

"हे बघ, इथून आत शिरायचं," बरणी सरकवत ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत खलास!"

"भावोजी, तो माझा नंबरचा चष्मा आहे."

"लढाईत थोडं नुकसान होणारच."

ताई खाली बसून झाडावरून उतरवलेले चिकू निवडत होती. आमच्या घरात हे काम रिकाम्या हातांना दिलं जातं, आणि तिचे हात रिकामे ठेवायची आम्हाला भीती वाटत होती. कच्चे, दगडासारखे टणक चिकू उजव्या टोपलीत. अति पिकून बसलेले डाव्या टोपलीत, गायीसाठी. प्रत्येक चिकू अंगठ्याने दाबून बघायचा, मग टोपली ठरवायची. मधूनच ती खिडकीकडे बघायची.

तेवढ्यात टीव्हीवर परदेशातल्या कुठल्याशा शहराची दृश्यं आली. युद्धाविरोधात निघालेल्या लोकांनी दुकानांच्या काचा फोडल्या होत्या आणि एक बस पेटवून दिली होती. मला राहवलं नाही.

"शांतता हवी म्हणून बस जाळायची? त्या बसने घरी जाणाऱ्यांनी काय करायचं?"

"चालत जायचं," ताई चिकू दाबत म्हणाली. "पोरगं घरी येणार असेल तर आई मुंबईपर्यंत चालेल."

"पण ताई, हिंसेला विरोध करायला हिंसा म्हणजे हिशेबात बसत नाही."

"तुझ्या हिशेबात मी तरी कधी बसले?"

भावोजी हसले. इतक्यात बातम्या सांगणारा परत आला आणि हात उगारून ओरडला, आता थांबायचं नाही, आरपारची लढाई झालीच पाहिजे! भावोजींनी मांडीवर थाप मारली आणि बरणी थेट माझ्या चष्म्यावर घातली. काडी तुटली. त्याच क्षणी ताईचा हात वर गेला.

चिकू त्या माणसाच्या कपाळावर बसला. पडद्यावर जाळं पसरलं, चित्र गेलं. आवाज मात्र चालूच! काळ्या पडद्यामागून तो माणूस आरपारची लढाई मागतच होता. शेवटी मी उठून प्लग काढला.

खोलीत इतकी शांतता झाली की पंख्याची कुरकुर ऐकू आली. आणि त्याखाली आणखी एक आवाज. खिडकीच्या कट्ट्यावर फोन वाजत होता.

ताई टोपली उलटी करून धावली. चिकू खोलीभर झाले. फोन स्पीकरवर लागला तशी भाच्याची आरोळी आली, "आई, झोपली होतीस का? तीनदा रिंग वाजून बंद झाली!"

ताईने फोनलाच मान हलवून नाही म्हटलं. भावोजींनी फोन हातात घेतला. आता हे आघाडीची खडान्‌खडा माहिती काढणार, असं मला वाटलं.

"जेवलास का?" सेनापतींनी विचारलं. आणि पुन्हा, "नाही, जेवलास का पण?"

"जेवलो हो बाबा. मी ठीक आहे. तुम्ही बातम्या बघत बसू नका."

"टीव्ही बंदच आहे आपला," भावोजी म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

फोन झाल्यावर त्यांनी फुटक्या पडद्यावरून बोट फिरवलं. ताईची बाजू सावरायला मी म्हणालो, "मऊ चिकू फेकायला गेली असणार ती. टोपल्यांची अदलाबदल झाली असेल."

"तसंच असणार," भावोजींनी मान डोलावली आणि माझ्या चष्म्याची काडी शोधायला खाली वाकले.

मी आणि ताई जमिनीवरचे चिकू वेचत होतो. ती माझ्याजवळ सरकली, हातातला चिकू अंगठ्याने दाबला आणि उजव्या टोपलीत टाकला.

"तोही दाबून बघितला होता," ती हळूच म्हणाली. "मगच फेकला."