धावड्याचे रामराव

कलममामा कुणालाही भेटले की आधी झाडाची खुशाली विचारायचे, मग माणसाची. वाटूरच्या फाट्याजवळ त्यांची मोसंबीच्या कलमांची लहानशी रोपवाटिका होती. गिऱ्हाईक कलमं घेऊन गेलं की मामांच्या लेखी व्यवहार संपत नसे, सुरू होई. वर्षभरात ते त्याच्या शेतात हजर व्हायचे. एका लग्नात अक्षता पडायच्या आधीच त्यांनी नवरदेवाच्या बापाला बाजूला घेतलं होतं आणि बांधावरच्या तीन झाडांची पानं पिवळी का पडली, याचा जाब विचारला होता.

आमचं घर त्यांच्या शेजारीच. मी तेव्हा जालन्याला वेब डिझाइनचा कोर्स करत होते. सरावासाठी एका पानाची वेबसाइट करायची होती, आणि समोर मामा होतेच. त्यांनी आनंदानं फोटो काढू दिले, पण आधी रोपांवर पाणी मारलं. तोंड धुतल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नये, असं त्यांचं म्हणणं.

कोर्समध्ये एकच धोशा होता: पान लॅपटॉपवर जितकं नीट दिसतं तितकंच ते लहान फोनवरही दिसलं पाहिजे. स्क्रीन अरुंद झाली की एका ओळीतले माझे मजकुराचे तीन चौकोन अंग चोरून एकाखाली एक बसायचे. मामांना याचं फार कौतुक. "जागा कमी पडली तरी कुणाला भाईर न्हाई काढलं. बराबर केलं माय," ते म्हणाले.

माझं पाप त्याच तीन चौकोनांत आहे. तिथं गिऱ्हाइकांचे अभिप्राय हवे होते. फाट्यावर चहाला थांबणारे निम्मे लोक मामांचेच गिऱ्हाईक. विचारलं असतं तर तासभर बोलले असते. पण मला तिन्ही चौकोन सारख्या उंचीचे हवे होते, आणि खरी माणसं मोजून तीन ओळींत बोलत नाहीत. मी सगळं स्वतःच रचलं. पहिले दोघं नुसते 'समाधानी शेतकरी' होते, तिसऱ्याला मी 'रामराव, धावडा' केलं. धावडा मी पाहिलेलंही नव्हतं. ते लांब होतं आणि नाव एका ओळीत मावत होतं. रामरावांच्या तोंडी मी घातलं, 'मामांच्या कलमांना दुसऱ्याच वर्षी भरघोस फळ लागलं.' मोसंबीला धड फळ यायला चार-पाच वर्षं लागतात, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. मला ओळ भरायची होती.

मामांचा फोन तडा गेलेला, जेमतेम तळहाताएवढा. त्यावर माझं पान इतकं झकास उघडलं की मामांनी बोट फिरवत ते तळापर्यंत वाचून काढलं. दुसऱ्या वर्षी फळ म्हणजे बघूनच यावं लागेल, म्हणाले. खरं सांगायची वेळ तीच होती. मी हसले आणि पानावरच्या एका बटणाचा रंग बदलत बसले. दुसऱ्या दिवशी मामी सांगत आल्या की मामा गुडघ्याला पट्टा बांधून पहिल्या एसटीनं निघाले. जालना, भोकरदन करत धावड्याला.

परत आल्यावर ते आमच्या ओट्यावर बसले, तांब्याभर पाणी प्यायले.

"रामराव तीन निघाले. तिघांच्याबी घरी गेल्तो," ते म्हणाले. "मोसंबी एकाकडंबी न्हाई."

ते नमुन्यापुरतं लिहिलं होतं, आत्ता पुसते, असं मी मान खाली घालून सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पुसू नको. माझ्या नावाखाली लिव्हलंय, मंग मलाच पुरं करावं लागंल."

त्या जुलैत पाच कलमं मांडीवर घेऊन ते पुन्हा धावड्याला गेले आणि त्या तिघांतल्या एका रामरावांच्या शेतात ती लावून आले. पुढं दरवर्षी जात राहिले. आले की गुडघा सुजायचा आणि मामी त्यांच्यावर चिडायच्या, माझ्यावर नाही. मला मात्र तेच पान दाखवून पुण्यात नोकरी लागली. मुलाखतीत त्या तीन चौकोनांचं कौतुक झालं, तेव्हा मी थँक्यू म्हणाले. दिवाळीला गावी गेले की मामा धावड्याच्या झाडांची उंची हातानं दाखवायचे. एका वर्षी गुडघ्याएवढी, मग कमरेएवढी, मग छातीएवढी. मी त्या हाताकडं बघायचे, चेहऱ्याकडं बघायची हिंमत होत नसे. माफी मी एकदाही मागितली नाही. चौथ्या वर्षी मामा वारले.

गेल्या वर्षी एक फोन आला. पान करताना मी त्यावर माझाच नंबर टाकला होता. धावड्याहून रामराव बोलत होते. मामांचा फोन लागत नाही म्हणून त्यांनी मामांनी दाखवलेल्या पानावरचा लावला होता. झाडांना फळ धरलंय, एवढं मामांना सांगा, म्हणाले. मामा आता नाहीत, हे मी सांगितलं.

"मंग तुम्हीच का ती पोरगी, ते लिव्हणारी?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.

"मामा म्हणायचे, आमच्या पोरीनं खोटं न्हाई लिव्हलं. जरा लवकर लिव्हलं."

मी त्या अनोळखी माणसाची माफी मागितली. कशाबद्दल, ते त्यांना कळलं नाही. मोसंबी पाठवून देतो, म्हणाले.