टाकी निकामी

गिझर थेंब थेंब गळू लागला तेव्हा सुनीतीबाईंना काळजी वाटली नाही. तळाशी पंजाएवढा रबरी वायसर असतो, तो कडक झाला असणार. पण तो वायसर शोधता शोधता त्यांच्या नाकी नऊ आले. तपकीर गल्लीतल्या पाच दुकानदारांनी नकार दिला. कंपनीच्या फोनवरची मुलगी म्हणाली, असा पार्ट सिस्टिममध्ये दिसत नाही. जे सिस्टिममध्ये नाही ते जगातच नाही, असा या लोकांचा नवा वेदान्त!

मग कंपनीचा मेकॅनिक साईनाथ कर्वेनगरला घरी आला. त्याने गिझरला हातही न लावता निकाल दिला: टाकी गेली, नवा घ्या, जुना आम्ही नेतो. सून नम्रता खराडीला ऑफिसला निघालेली. जाता जाता तिनेही, घेऊन टाकू या, म्हणून मत दिलं.

सुनीतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच कंपनीच्या भोसरीच्या कारखान्यात त्यांनी एकोणीस वर्षं टाक्या तपासल्या होत्या. हवा भरायची, हौदात बुडवायची, एक बुडबुडा दिसला की टाकी बाद. थंडीत बोटं बधिर व्हायची. पुढे उदारीकरण आलं, कुणा बड्या मालकाने कारखाना घेतला, पाटी ठेवली आणि माणसं काढली. तेही त्यांनी गिळलं. पण त्यांनी तपासलेली तांब्याची टाकी गेली? मेल्याचा डोळा तांब्यावर होता, दुसरं काय!

"खोला," त्या म्हणाल्या.

"काकू, हे जुनं मॉडेल आम्ही खोलत नाही."

"मग पाना द्या, आणि आपण बाजूला व्हा."

वीज बंद करून, टाकीतलं पाणी सोडून त्यांनी बोल्ट काढले. वायसरला चिरा पडल्या होत्या. टाकी ठणठणीत होती. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून वीतभर रबरी शीट आणायला त्यांनी साईनाथलाच पिटाळलं. जुना वायसर वर ठेवून नवा कापला, बसवला. पाणी तापवून खाली वर्तमानपत्र पसरलं. अर्ध्या तासानेही कागद कोरडाच होता.

साईनाथने सहीसाठी फॉर्म पुढे केला. त्यावर 'टाकी निकामी' असं लिहिलेलं होतं. ते त्याने ऑफिसातून निघतानाच लिहून आणलं होतं.

सुनीतीबाईंनी त्यावर काट मारली. शेजारी लिहिलं, 'टाकी तपासली. ठीक आहे.' खाली सहीच्या जागी 'ग्राहक' असं छापलेलं होतं. तो शब्द खोडून त्यांनी 'तपासनीस' लिहिलं आणि सही केली.