पाल्याच्या पुढेमागे किलोभर ज्वारी

ऐंशी सालाच्या आसपास, मी कामाला होतो त्या पंचवटीतल्या पिठाच्या गिरणीत एक गृहस्थ दर रविवारी येत. ते कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत, एवढंच ठाऊक होतं. नाव मी कधी विचारलं नाही. पेठ तालुक्याच्या डोंगरातला एक कडू पाला तापावर चालतो का, हे ते तपासत होते. सुका पाला दळायचं यंत्र कॉलेजात नव्हतं.

गिरणीवाला आधी नाहीच म्हणाला. "मास्तर, लोकांच्या भाकरी कडू झाल्या तर शिव्या मला बसतील."

पुढच्या रविवारी ते दोन किलो ज्वारी घेऊन आले. एक किलो पाल्याआधी दळायची, म्हणजे दगडांत अडकलेलं लोकांचं पीठ पाल्यात येणार नाही. दुसरी पाल्यानंतर, म्हणजे कडूपणा तिच्याबरोबर निघून जाईल. ते कडू पीठ ते घरी नेत.

"फेकून देता ना?" मी विचारलं.

"छे, खातो. मंडळी तेवढी रागावतात."

असं दीड वर्ष चाललं. एकदा गिरणीवाल्याने हसत विचारलं, "काय मास्तर, सापडलं का औषध?"

"नाही. या पाल्यात ते नाही, एवढं नक्की झालं. आज शेवटचं दळण, पडताळ्यासाठी."

मी मनात हिशेब केला. सुट्ट्या वगळून सत्तर किलो तरी कडू पीठ त्या घरात गेलं होतं.

दळण झाल्यावर गिरणीवाल्याने कडू पिठाची पिशवी स्वतःकडे ठेवली आणि आपल्या घरचं किलोभर पीठ तोलून त्यांच्या हातात दिलं.

"आज आमच्याकडे होऊ द्या कडू भाकरी," तो म्हणाला.