भट्टीचं वजन

आधी मदत कोणी केली ते सांगून टाकतो, मागाहून राहून जाईल अशी धास्ती वाटते. मदत केली ती मुंबईहून आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी. औषधाची एक गोळी काही त्यांनी मला दिली नाही, तरी ठाण्यात माझे पाय टिकले ते त्यांच्यामुळे. त्यांच्या जोडीला माझी घरमालकीण मावशी. पण मावशीच्या दारातच राहतो. तिचं पाणी भरतो, लाकडं फोडतो, तिचे उपकार रोज थोडेथोडे फिटतात. डॉक्टरांचं तसं नाही.

मी कोकणातला. सहावीत शाळा सुटली आणि पोटासाठी आधी मुंबई गाठली. तिथल्या एका गिरणीत कामावर घेण्याआधी काट्यावर उभं केलेलं. समोरच्या माणसानं मान वर न करताच म्हटलं, "वजन भरत नाही. पुढचा." संपलं. गावाला परत जायला तोंड नव्हतं. पुढं ठाण्यात खाडीच्या अंगाला काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर लागलो. तिथं मला कोणी जोखलं नाही, हीच मोठी कृपा वाटली. टेंभी नाक्याच्या मागं मावशीकडं खोली मिळाली. मावशी आगरी, तिची माणसं सगळी मिठागरावर राबणारी.

आणि एके सकाळी कामावर जातो तर भट्टीसमोर दोरीला काळा गोळा टांगलेला! नारळाहून लहान, तांब्याचा, आतून पोकळ, पोटात थर्मामीटर खुपसलेला. शेजारी आमच्याच गोदामातला पोती जोखायचा काटा, आणि काट्याशेजारी चष्मा लावलेले डॉक्टर.

"हा काय, नजर लागू नये म्हणून बांधलाय?" मिस्त्रींनी विचारलं. आमचे मिस्त्री भट्टीइतकेच जुने.

"भट्टीतून जी आच अंगावर येते ना, ती हा गोळा पितो," डॉक्टर म्हणाले. "नुसती हवा किती तापली ते नाही, आच किती येते ते कळतं. त्यानं माणसाच्या अंगाचं काय होतं, ते शोधायला सरकारनं धाडलंय मला."

म्हणजे कामावर शिरताना वजन, सुटताना वजन. काटा बघूनच मला गिरणी आठवली. संध्याकाळी उभा राहिलो तर वजन उतरलेलं. मिस्त्री ओरडले, "अरे, हाडं तरी ठेव रे अंगावर! गुळाच्या ढेपेसारखा विरघळतोस!"

सगळे हसले. मी घरी जाऊन मावशीसमोर भिंतीला टेकून बसलो. म्हटलं, "मावशी, माझं वजन उतरलं. आता परत पाठवतील."

"वजन उतरला त चरवू परत! त्यान रडाचा काय?" असं म्हणून मावशी उठली आणि पीठ मळायला बसली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती टोपली घेऊन फाटकावर हजर. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीचं कालवण, वर तांब्याभर ताक. "खा," म्हणाली. खाल्लं. "आजून खा." खाल्लं. डॉक्टरांनी बजावलेलं की मधे काय खाल ते मला दाखवून खा, पाणीसुद्धा माझ्या मापाच्या मगानं प्या. पण मला तेव्हा तो फास वाटला, म्हणून चोरूनच खाल्लं. चालताना पोटात ताक डुचमळत होतं.

संध्याकाळी सगळ्यांची वजनं उतरली, माझं चढलं.

डॉक्टरांनी मला उतरवलं, पुन्हा चढवलं. मग स्वतः उभं राहून पाहिलं. काटा बरोबर. "असं कसं होईल?" ते पुटपुटले.

"साब, हा भट्टीतच पाव भाजून खातो," मिस्त्री म्हणाले.

माझा धीर सुटला. हात जोडले. "साहेब, मी काम करीन. मला घरी पाठवू नका."

"घरी? कोण पाठवतंय?" डॉक्टर खरंच गोंधळले. मी गिरणीचं सगळं सांगितलं, मावशीची टोपलीसुद्धा सांगितली. ते बाटल्यांच्या खोक्यावर बसले, मलाही बसवलं.

"अरे, मी तुला कुठं जोखतोय? मी भट्टीला जोखतोय. तिला काट्यावर उभं करता येत नाही, म्हणून तुम्हाला करतो. घामानं तुमचं जितकं उतरतं, तितकी तिची आच."

मी मान हलवली. पण पटलं नव्हतं, आणि ते त्यांना दिसलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सदरा काढला, मिस्त्रींकडून स्वतःचं वजन करून घेतलं आणि पाळीभर भट्टीसमोर माझ्या शेजारी राबले. चष्मा सारखा घसरायचा. मधल्या सुट्टीत मावशीनं टोपली पुढं केली, तर म्हणाले, "नको, माझा हिशेब बिघडेल." मग मीही टोपलीला हात लावला नाही. त्यांच्याच मापाचं पाणी प्यालो. संध्याकाळी आधी मी काट्यावर, मग ते. माझ्याहून त्यांचं जास्त उतरलं!

मिस्त्रींनी सगळ्या पाळीला ऐकू जाईल असं पुकारलं, "डॉक्टर नापास! पाठवा घरी!"

त्या दिवसासारखं हसू मी त्या भट्टीपुढं पुन्हा ऐकलं नाही. डॉक्टर खोक्यावर बसून हसत होते, मी तर डोळे पुसत हसत होतो. छातीवरचा धोंडा उतरला. मावशीनं मीठ घातलेलं ताक त्यांच्या हातात दिलं. ते म्हणाले, घामावाटे अंगातलं मीठही जातं, यांना पाण्यातून थोडं मीठ मिळायला हवं.

"मीठ कवरा पायजे?" मावशी म्हणाली. "आमचे त डोंगर हान मिठाचे!"

डॉक्टर गेले त्यानंतर भट्टी आणि आमच्यामध्ये चकचकीत पत्रा उभा राहिला. आच त्यावरून भट्टीकडंच परतायची, पत्र्यामागं उभं राहिलं तर सावलीत आल्यासारखं वाटे. खारट पाण्याचा माठ आला. मी आजही त्याच भट्टीवर आहे.

डॉक्टर कुठल्या गावी, कुठल्या भट्टीसमोर गोळा टांगून बसलेत, ठाऊक नाही. पण एक दिवस त्यांना शोधून काढीन. माझं स्वतःचं बिऱ्हाड होईल, तेव्हा पाटावर बसवून पोटभर जेवू घालीन, त्या दिवशी नाकारलेली भाकरी, सुकट, ताक, सगळं. आणि ते नको म्हणाले तरी ऐकणार नाही. तेव्हा तिथं काटा नसेल.