गाळलेल्या ओळी

मिरजगावच्या मुलींच्या शाळेत इंदू गंधे नावाच्या बाई होत्या. अक्षर इतकं सुरेख, की आसपासच्या गावांतून लोक लग्नपत्रिकेचा मजकूर त्यांच्याकडून लिहून नेत. पण गाव त्यांना ओळखायचं ते वेगळ्याच कारणानं. त्यांचा नवरा जपानात होता आणि तिथून गमती लिहायचा.

यज्ञेश्वर गंधे बावन्न साली मुंबईच्या एका कापड व्यापाऱ्याचा कारकून म्हणून कोबे बंदरात गेला, तो दोन वर्षांसाठी. दोनाची एकवीस झाली. मध्ये दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्यानं घरात बूट कुठं काढायचे ते विचारलं. मूलबाळ झालं नाही.

नगरच्या एका साप्ताहिकात दर पंधरवड्याला त्याची ‘कोबेची खबर’ छापून यायची. स्टेशनवर दोन म्हातारे एकमेकांना वाकून नमस्कार करतात, आधी थांबायचं कुणी हे ठरत नाही, तोवर तीन गाड्या निघून जातात. तोक्योची हवा इतकी बिघडली, की पोरांनी मैदानात धावू नये असा सरकारी इशारा निघाला. यज्ञेश्वर लिहायचा, ‘आता इथं श्वासही सूचना-फलक वाचूनच घेतात.’ एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात श्रीमंत नावाचा हॉटेलवाला हे मोठ्यानं वाचायचा. माणसं मांडीवर थाप मारून हसायची आणि बाई रस्त्यात भेटल्या की म्हणायची, “काय मानूस हाय हो साहेब! तुमची मज्जा हाय.”

बाई मान हलवून पुढं जात.

यज्ञेश्वर लिहायचा मोडीत. विमान-टपालाच्या पातळ निळ्या कागदावर, हात न उचलता. छापखान्यात मोडी वाचणारा कुणी उरला नव्हता. इंदूबाईंच्या वडिलांनी मात्र गावाचं दप्तर सांभाळता सांभाळता मुलीला मोडी शिकवली होती. म्हणून संपादक रंगनाथरावांनी परस्पर ठरवून टाकलं, की लिफाफा मिरजगावला यायचा, बाईंनी आतला लेख बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवायचा आणि एस.टी.च्या ड्रायव्हरपाशी द्यायचा. छापलेले अंक कोब्याला पाठवणंही बाईंकडेच होतं. त्यानं ते कधी मागितले नाहीत आणि त्याही पाठवत नसत. ट्रंकेत ठेवत.

कारण त्या ओळी गाळायच्या.

पहिली ओळ त्यांनी गाळली ती चोपन्न साली. ‘आमचं कुटुंब समजतं, की जपान पुण्याच्या जरा पुढं आहे.’ भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी ती वाचली, दौत पुढं ओढली आणि पुढच्या वाक्यापासून उतरवायला सुरुवात केली. मग ती सवयच झाली. तो दर दोन-तीन लेखांत बायकोला आणायचा आणि त्या उतरवताना तिथून निघून जायच्या. बहात्तरच्या सुरुवातीला ग्वामच्या जंगलात अठ्ठावीस वर्षं लपून बसलेला जपानी सैनिक सापडला, झाडाच्या सालीचे कपडे विणून जगलेला. तो मेला असं समजून त्याच्या नावाचा दगड त्याच्या गावात केव्हाच उभा केला होता. यज्ञेश्वरनं त्यावर लेख लिहिला आणि शेवटी जोडलं, ‘मिरजगावात दगडांना तोटा नाही. पण आमच्या कुटुंबाला माझं नाव सुबक अक्षरात कोरता येईल का, ही शंकाच आहे.’ लिफाफा आला त्या दिवशी दिवेलागणीलाच बाईंनी हा लेख उतरवला. सुबक अक्षरात. शेवटच्या दोन ओळी सोडून. गावानं वाचला आणि पोट धरून हसलं.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत कोब्याची कचेरी बंद झाली आणि यज्ञेश्वर कायमचा परत आला.

तो आला तेव्हा विहिरींचे तळ पांढरे पडले होते. अर्धं गाव सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होतं. लाल ज्वारीच्या भाकरीला कुबट वास यायचा. टँकर आठवड्यातून तीनदा यायचा आणि त्याच्या आधी तासभर घागरींची रांग लागायची. यज्ञेश्वर डोक्यावर फेल्टची टोपी घालून ओट्यावर बसायचा आणि हे सगळं बघत हसायचा. तो कधीही मोठ्यानं हसत नसे. ओठ आत ओढून घ्यायचा, जणू गंमत कुणी पळवून नेईल.

आठव्या दिवशी त्यानं ट्रंक उघडली.

बाई शाळेतून आल्या तेव्हा जमिनीवर एकवीस वर्षांचे अंक पसरले होते. विनोदी माणसाला आपलं एकूण एक वाक्य पाठ असतं.

“दगडाचं वाक्य कुठं आहे?”

“गाळलं.”

“पुण्याचं? चष्म्याचं? वटपौर्णिमेचं?”

“ते पण.”

“कुणाला विचारून?”

“माझ्याविषयी होतं. मलाच विचारलं.”

“इंदू, तू शिपाई आहेस या कामात. टपाल इकडचं तिकडं करणारी. लेखकाच्या वाक्याला हात लावायची तुझी लायकी काय? अगं, सगळ्यात चांगली वाक्यं तीच होती!”

“तुम्हाला तसं वाटत असेल हे मला माहीत होतं,” बाई म्हणाल्या आणि अंक गोळा करू लागल्या.

चार दिवसांनी त्यानं टेबलावर नवे कागद ठेवले. वर मोडीत मथळा होता, ‘मिरजगावची खबर’. रंगनाथरावांशी बोलणं झालं होतं. परदेशी माणसाच्या नजरेनं दुष्काळी गाव. “एक अक्षर गाळायचं नाही,” तो म्हणाला. “गाळलंस, तर पुढच्या लेखात ते सांगेन. आणि तो मी स्वतः उतरवेन.”

बाईंनी कागद वाचले. शेजारच्या छबूबाईवर त्यात एक परिच्छेद होता. छबूबाई विधवा. कामावर खडीची कपची उडून तिचा डावा डोळा गेला होता. शाळा असली की बाईंची घागर तीच भरून ठेवायची. यज्ञेश्वरनं लिहिलं होतं, ‘आमच्या शेजारणीनं खडी फोडता फोडता एक डोळा सरकारजमा केला. तेव्हापासून तिला टँकरची रांग निम्मीच दिसते, म्हणून ती नेहमी पुढं घुसते.’

आणि खाली, ‘माझ्या घरात एक प्रौढ स्त्री राहते. तिच्या हजेरीपटावर मी गैरहजर आहे आणि ती खाडाखोड करत नाही. हिला मूल नाही, म्हणून गावच्या पोरींना पाढे पाठ करावे लागतात.’

बाईंनी ते शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचलं. वाक्य चांगलं होतं. वाईट असतं तर सोपं गेलं असतं. गाळलं, तर तो गावभर सांगणार. उतरवलं, तर छबूबाईचा डोळा बाईंच्या अक्षरात छापखान्यात जाणार, आणि ही नक्कल कोण करतं हे गावाला ठाऊक होतं. एकवीस वर्षं ज्या गावात त्या एकट्या राहिल्या, ते गावच हातातून जायचं होतं.

त्या कागद घेऊन छबूबाईच्या दारात गेल्या आणि उभ्या उभ्या तिचा परिच्छेद वाचून दाखवला.

छबूबाई ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला नाही. “सरकारजमा! आगं आई गं. जीभ हाय का इळा?” तिला हसू आलं, मग ते गेलं. “आन तुमच्यावर काय लिवलंय?”

“काही विशेष नाही.”

“वाचा की. माजं वाचलं न्हवं?”

बाईंनी वाचलं. सूप खाली ठेवून छबूबाई त्यांच्याकडे उरलेल्या डोळ्यानं बघत राहिली.

“पोराचं काढलं त्यानं?”

“हो.”

“ह्याच्या आदी बी लिवत हुता?”

“लिहायचे. मी गाळायची.”

“म्हंजी आमी एवढी वर्सं हसलो त्यो हा न्हवंच,” छबूबाई म्हणाली. “तुमी धुऊन-पुसून दिलेला हुता. मी तर म्हनायची, बाई लई नशिबाची.”

बाई दाराच्या चौकटीला टेकल्या. आपण स्वतःला वाचवतोय असंच त्यांना वाटत आलं होतं.

“तुम्ही नको म्हणालात तर उतरवत नाही. मग ते काय सांगायचं ते सांगोत.”

“उतरवा. माज्या डोळ्यासकट उतरवा.” तिनं सूप पुन्हा उचललं. “लोकांना कळू द्या की कोन ऱ्हातं तुमच्या घरात.”

बाईंनी उतरवलं. एकही शब्द न गाळता, लग्नपत्रिकेच्या अक्षरात.

अंक आला त्या दिवशी यज्ञेश्वर टोपी घालून हॉटेलात जाऊन बसला. आपल्या लेखावर माणसं हसताना त्यानं जन्मात कधी पाहिली नव्हती. ज्यांच्यावर लिहिलं त्यांना मराठी येत नव्हतं आणि ज्यांना मराठी येत होतं ती समुद्रापार होती. श्रीमंतनं वाचायला घेतलं. रांगेच्या वर्णनाला दोघं-तिघं हसले. डोळ्याचं वाक्य आलं तेव्हा हसणं बंद झालं. पाढ्यांच्या वाक्यावर श्रीमंत अडखळला, ते त्यानं मनात पुन्हा वाचलं आणि अंक घडी करून बाकड्याखाली टाकला. त्याच्या दोन्ही पोरी बाईंच्या वर्गात होत्या.

“साहेब,” तो म्हणाला, “च्या न्हाई आज.”

किटलीतून वाफ येत होती.

“उद्या?”

“उद्या बी न्हाई.”

त्यानंतर कुणी त्याला शिवी दिली नाही, दगड मारला नाही. फक्त तो आला की बोलणं थांबायचं. न्हावी म्हणायचा, वस्तरा बोथट हाय. पारावरची माणसं उठायची, धोतर झटकायची. पंधरवडा भरत आला आणि पुढच्या लेखाचा पहिला कागद कोराच राहिला. रंगनाथरावांची दोन पत्रं आली. गावात रोज काहीतरी घडत होतं, आणि ते त्याला कुणी सांगत नव्हतं.

एका सकाळी टँकर आला. आता बाई स्वतःच रांगेत उभ्या राहत. छबूबाईनं त्यांना बाहीला धरून आपल्यापुढं घेतलं. “या, निम्म्या रांगेत या,” ती म्हणाली आणि सगळ्या बायका हसल्या, बाईसुद्धा. मग कुणीतरी आणखी काही बोललं, हळू आवाजात, आणि हसणं पुन्हा उसळलं, ओट्यापर्यंत आलं. यज्ञेश्वर उठून उभा राहिला.

बाई घागर घेऊन आत आल्या.

“काय झालं गं? कशाला हसत होता?”

बाईंनी घागर उतरवली, तिच्यावर फडकं बांधलं, पदरानं हात पुसले.

“काही नाही,” त्या म्हणाल्या.