बर्फवाल्या नर्सबाई

"माझी पाच बाळंतपणं झाली, एकदाही सुई टोचून घेतली नाही. हिचाच दंड काय सोन्याचा लागून गेलाय?" सासूबाईंचा आवाज दारातून थेट माझ्या मोरीपर्यंत आला.

"बाळंतपणं पाच, काकू. आणि पोरं चार."

नर्सबाईंनी दारातूनच सुनावलं. भांडी घासता घासता माझा हात थांबला. आमच्या घरात त्या पाचव्याचा विषय कुणी काढत नसे.

"त्याला दृष्ट लागली होती," सासूबाई म्हणाल्या.

"दूध ओढेना, जबडा आवळला, अंग ताठ झालं. हो ना? त्याला धनुर्वात म्हणतात, काकू. म्हणून तर ही लस आईला द्यायची, म्हणजे बाळ जन्मतःच राखलं जातं."

मी पहिलटकरीण. पोटावर हात ठेवून आतूनच ऐकत होते. हो की नाही, मला कुणी विचारलंच नव्हतं.

खांद्याला बर्फाचा डबा अडकवून बाई एका अंगाला कलून चालायच्या, म्हणून त्या बर्फवाल्या. त्या गल्लीत शिरल्या की नव्या नवऱ्या पटापट दारं लावायच्या. सुईनं कूस बंद होते, असं सगळ्याजणी छातीठोकपणे सांगायच्या. बाई हसायच्या. "लग्नाआधीपासून टोचून घेतेय मी. घरी तीन आहेत, एकापेक्षा एक वांड. बंद झाली असती तर निवांत झोपले तरी असते!"

त्या दिवशी मात्र सासूबाई दारातून बाजूला सरल्या. मग तोंड फिरवून म्हणाल्या, "या आत."

तेव्हा काचेची पिचकारी आणि सुई घरच्या स्टोव्हवर उकळून घेत. बाईंनी पातेलं चढवलं, औषधाची बाटली बर्फाजवळून काढून ठेवली आणि हात धुवायला मोरीत आल्या. परत जाऊन बघतात तर पिचकारीशेजारी बाटलीही उकळत्या पाण्यात नाचतेय.

"काकू, हे काय केलंत?"

"बर्फासारखं गार औषध! पोटातल्या जिवाला गारठा नाही का लागणार? म्हटलं जरा कोमट करावं."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि हसत सुटल्या. "औषधाचं सूप केलंत की हो! आता याचा काही उपयोग नाही." डबा उचलून त्या भर उन्हात दवाखान्यात गेल्या आणि दुसरी बाटली घेऊन आल्या. सासूबाईंनी त्या परत येईपर्यंत स्टोव्हच विझवून टाकला होता. तो पुन्हा पेटवावा लागला, ते वेगळंच.

"महिन्याभरानं दुसरी सुई. ती चुकली तर ही वाया," माझ्या दंडात सुई टोचून बाईंनी बजावलं.

रात्री माझा दंड सुजला. शेजारणी म्हणाल्या, "बघा, सांगत होतो." त्यातच कळलं, बर्फवाल्यांची बदली झाली. नवीन बाई कधी येणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाई मान हलवून म्हणाल्या, "सुटलो." पण स्वयंपाक करताना दोनदा बाहेर डोकावून आल्या. माझा तर जीव टांगणीला लागला होता. अर्धवट राखलेलं बाळ म्हणजे काय, ते मला त्या पाचव्यावरून कळत होतं.

बाईंचा जायचा दिवस आला, तोवर महिना भरला होता. कोपऱ्यावर सामानाचा टेम्पो उभा राहिला. खाट, ट्रंक, वर तिन्ही वांड पोरं. नवरा हॉर्नवर हात ठेवून बसलेला. आणि बाई आमच्या दारात, डबा खांद्याला.

"पातेलं ठेवा, काकू. त्यात फक्त पाणी."

सासूबाईंनी पाणी ठेवलं. मग माझ्याजवळ येऊन माझी बाही त्यांनीच वर सारली. "सुजेल थोडं, सुजू दे," मला म्हणाल्या.

"भिंतीकडे बघ, पोरी. श्वास सोड. झालं. चोळायचं नाही हं." बाईंनी पिचकारी पुसली, डब्याचं झाकण दाबून बसवलं. बाहेर हॉर्न वाजत होता. त्या पलीकडच्या गरोदर बाईच्या दाराची कडी वाजवायला गेल्या.