सहा हात रुंद पट्टा

सुनेत्राबाई पवनानगरजवळच्या एका शाळेत अकरा वर्षं शिकवतात. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, तरी मला मैत्रीणच म्हणतात. दर माघात त्या मुलांना घेऊन शाळेमागच्या डोंगरावर जातात आणि वाळलेलं गवत कापून उघड्या मातीचा पट्टा काढतात. वणवा तिथवर येऊन थांबावा आणि वर मुलांनी लावलेली झाडं वाचावीत, एवढंच.

यंदा पट्टा सहा हात रुंद होता. मीही विळा घेऊन गेले होते. आठव्या दिवशी डोंगर जळाला. दोनशे झाडांतलं एकही राहिलं नाही.

आग गावातल्या महिपती आबांनी लावली होती. गवत जाळलं की पुढच्या पावसात चारा चांगला येतो, असं गावात सगळेच मानतात. आबांनी काही लपवलं नाही.

"झाडांपायी इतकी वर्सं आग लावत नव्हतो बाई," ते म्हणाले. "औंदा नात म्हणली, पट्टा काढलाय, आग पुढं जात न्हाई. मंग लावली. वारं सुटलं, त्याला मी काय करू?"

त्यांची नात आरोही शेजारीच उभी होती. तिनं धडा नीट ऐकला होता.

बाई तिला रागावल्या नाहीत. आम्ही वर्गात आल्यावर तिनंच विचारलं, "बाई, पुढच्या वर्षी धा हात काढायचा का?"

बाई खिडकीतून काळा डोंगर बघत राहिल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "दहा हात काढला, तर आणखी चार जण निर्धास्तपणे आग लावतील."

आरोही उत्तराची वाट बघत उभीच होती.